आग्नेलचे दात

गिरीज
१२ जानेवारी २०२५

आग्नेल,

‘प्रिय’ लिहीत नाही. नऊ वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही त्याला प्रिय लिहिलं तर पोस्टमनसुद्धा हसेल. फोनच केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस, आणि क्लेमेंटीनच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकल्याबरोबर कट केलास. जूचंद्र काय सातासमुद्रापार आहे? मोटारसायकलनं पाऊण तास. लोकांचे भाऊ ऑस्ट्रेलियाला गेले तरी रोज व्हिडिओ कॉल करतात, आणि मी इथून इथं तिकीट चिकटवून पत्र पाठवतोय. तू मास्तर माणूस, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढशील. काढ.

कामाचं बोलतो. तुझा दात हलतोय.

तुझा म्हणजे माझ्या तोंडातला, तू बसवून दिलेला. आमच्या घरात त्या तिघांना अजून ‘आग्नेलचे दात’च म्हणतात. ताटात खेकडा आला की क्लेमेंटीन म्हणते, “नांगीला आग्नेलचे दात लावू नका, बाजूनं चावा.” जेवायला बसलो की तुझं नाव निघतंच, मग माझं जेवण गोड कसं लागणार?

विसरला असशील तर आठवण देतो. दोन हजार सोळाच्या चर्चच्या सणाला, मैदानात, सगळ्या गावादेखत तू माझ्या तोंडावर बुक्की मारलीस आणि वरचे पुढचे तीन दात पाडलेस. दुसऱ्या दिवशी ते तिन्ही मी रुमालात बांधून आपल्या बँडच्या खोलीत आणले. आई होती, बँड चालवणारे रिचर्डमामा, बँडमधला व्हिव्हियन, फादर आणि क्लेमेंटीन. तिथंच ठरलं, पोलिसांत जायचं नाही, आग्नेलनं पदरच्या पैशानं तिन्ही दात बसवून द्यायचे आणि बँड सोडायचा. बसवून दिलेस, ते मी नाकारत नाही. हाडात खुंट ठोकून वर पांढरीशुभ्र कॅप. डॉक्टर म्हणाले होते, पक्के, कायमचे. तुझं कायमचं नऊ वर्षांतच संपलं. हलका माल घेतलास की काय ते देव जाणे.

आता मुख्य गोष्ट. ३ मे रोजी लविनाचं लग्न आहे. मुलगा गासचा, कॅल्विन, बँकेत आहे, घरी वाडी आहे. पोरगा चांगला आहे. घरापासून चर्चपर्यंत बँड वाजणार, पहिला ट्रम्पेट माझा, आणि चर्चच्या दारात ट्रम्पेट व्हिव्हियनच्या हाती देऊन मी पोरीचा हात धरून आत जाणार, असं माझं ठरलेलं होतं. तर बाईसाहेबांनी अट घातली. म्हणते, “आग्नेलकाका आले तर तुमचा हात धरून जाईन. नाही आले तर एकटी चालत जाईन.” एकुलती एक मुलगी, आणि बापाला उभ्या गावासमोर भिंतीला टेकून उभं करणार!

म्हणून हे पत्र. ये. येण्याआधी रिचर्डमामांसमोर एकदा माझी माफी माग, म्हणजे विषय संपला. दाताचं मी बघतो, स्क्रू ढिला झाला असेल, आवळून घेतला की झालं.

कागदोपत्री तुझा भाऊ,
सॅन्टन


गिरीज
९ फेब्रुवारी २०२५

आग्नेल,

महिना झाला, उत्तर नाही. पत्र पोचल्याचं मला लविनाकडून कळलं. म्हणजे माझी पोरगी गेली चार वर्षं तुझ्या घरी येते-जाते, वसुंधराच्या हातची आमटी ओरपते, आणि हे मला आता समजतंय. क्लेमेंटीनलाही ठाऊक होतं. घरात मी एकटाच शहाणा.

दाताचं सांगतो. नालासोपाऱ्याला गेलो होतो. तुझा तो जुना डॉक्टर दवाखाना देऊन निघून गेला, आता तिथं डॉक्टर क्षितिजा म्हणून आहे. आपल्या लविनाच्या वयाची, पण हात हलका. तोंडात आरसा घातला आणि विचारलं, “काका, दिवसातून किती वेळा घासता?”

“दोन वेळा.”

“मग बाकीचे दात स्वच्छ, आणि या तिघांच्या मुळाशीच एवढा थर कसा? मधले तीन सोडून घासता का?”

लविना खुर्चीशी उभी होती, ती म्हणाली, “ते आग्नेलकाकांचे आहेत ना, म्हणून.”

खरं आहे. तुला सांगायला मला कसली लाज? बसवले त्या पहिल्याच आठवड्यात मी क्लेमेंटीनला म्हटलं होतं, आग्नेलचे दात आग्नेलनं येऊन घासावेत, मी काय त्याचा नोकर? तेव्हा सगळे हसले. मग तीच सवय पडली. ब्रश उजवीकडून यायचा, तिथं उचलायचा, पलीकडे टेकवायचा. नऊ वर्षं. आणि मी म्हणतो, खोट्या दाताला घासायचं कशाला? त्याला कुठली कीड लागतेय?

ती पोरगी मला म्हणाली, “दात खोटा आहे काका, पण हिरडी तुमची आहे, हाड तुमचं आहे. याला कीड लागत नाही हे बरोबर. पण मुळाशी घाण साचली की हिरडी सुजते, पू धरतो, आणि खालचं हाड झिजत जातं. दुखत नाही म्हणून कळतही नाही.” मग तिनं जुनी फाईल काढली. त्यात एक छापील कागद. मऊ ब्रशनं दोन वेळा, बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक इवलासा ब्रश असतो त्यानं मुळापाशी आडवं, दोऱ्यानं फटीतून, दर सहा महिन्यांनी तपासून साफ करून घ्यायचं, वर्षाला एक फोटो, तंबाखू बंद. खाली माझी सही. बघितलं, माझीच होती.

“नऊ वर्षांत तपासायला किती वेळा आलात?”

“एकदाही नाही.”

“आणि तंबाखू?”

आता खिशात डबी वाजत असताना काय सांगणार!

तर स्क्रू ढिला नाही. वरची कॅप ढिली असती तर आवळून दिली असती. मधला खुंटच हाडातून सुटलाय, तो काढावा लागेल. दोन बाजूचे वाचले तर वाचले.

मग तिनं जुने फोटो लावले, तुझ्या वेळचे. आणि कुणी विचारलं नसताना बोलली, “इथं आणि इथं तेव्हा हाडाची पावडर भरावी लागली होती. जुना पायोरिया. हे दोन दात पडायच्या कितीतरी आधी हाड गेलेलं होतं. हा तिसरा मात्र मार लागून तुटलेला, याचं हाड छान होतं.”

लविना आधी रिक्षात बसली. मग म्हणाली, “पप्पा, तीनपैकी दोन सडलेले होते, तर काकांनी पाडले किती?”

मी म्हटलं, हलणारा दात पाडला तर तो पाडला होत नाही का? पिकलेली केळ कापली तर ती चोरी होत नाही का? ती म्हणाली, “तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतात. काकांना खरं काय ते लिहा.”

तर लिहितो. थोडाफार पायोरिया होता. कुणाला नसतो? तुझी बुक्की बसली नसती तर अजून दहा वर्षं टिकले असते. पण जाऊ दे, मी मोठा आहे, मन मोठं करतो. माफीची अट सोडली. तू नुसता ये.

सॅन्टन


गिरीज
६ मार्च २०२५

आग्नेल,

माझी दोन्ही पत्रं परत मिळाली. मास्तर ते मास्तरच! ‘बुक्की मारलीस’ याखाली लाल रेघ, समासात ‘नक्की?’ ‘तीन दात पाडलेस’ याखाली लाल रेघ, ‘नक्की?’ ‘अजून दहा वर्षं’ याला तर दोन रेघा. आणि ‘आवळून’मधला ळ नीट काढलेला नाही म्हणून गोल केलायस. तुझ्या वर्गातल्या पोरांची मला दया आली. ‘येतो’ नाही, ‘येत नाही’ असंही नाही, सहीसुद्धा नाही. क्लेमेंटीनसमोर मी पाकीट भिंतीवर फेकलं. तिनं उचलून वाचलं आणि परत माझ्यासमोर ठेवलं.

शुक्रवारी मधला खुंट काढला. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल, पण चिमट्यात धरला आणि आला. डॉक्टरीणबाईनं कापसावर ठेवून दाखवला, एवढासा स्क्रू, वाडीतल्या पंपाला असतो तसा. बाजूच्या दोघांची हिरडी उघडून खरवडून साफ केलं, टाके घातले. नवा खुंट बसवायचा तर हाड भरून यायला चार-सहा महिने. तोपर्यंत फुंकायचं नाही. म्हणजे पोरीच्या लग्नात माझा ट्रम्पेट भिंतीवर.

काल राखेचा बुधवार. सुजलेलं तोंड घेऊन चर्चमध्ये मिस्साला गेलो, कपाळावर राख लावून घेतली आणि घरी येऊन तुझी ती लाल पत्रं परत वाचत बसलो. तुला कळायला पाहिजेच ना सगळं? घे मग. आज एकही रेघ मारायला जागा ठेवत नाही.

तू बुक्की मारली नाहीस.

तुझ्या लग्नाच्या जेवणाला बँड पाठवायचा नाही हे मीच ठरवलं होतं. रिचर्डमामा तयार होते. मीच म्हटलं, आपला बँड चर्चमधून निघालेल्या जोडप्यापुढं वाजतो, कोर्टातून निघालेल्यापुढं नाही. सणाच्या दिवशी तू मैदानात माझ्याजवळ आलास. आवाजसुद्धा चढवला नव्हतास. म्हणालास, “दादा, वसुंधराचे आईवडील बँडची वाट बघत खुर्च्या मांडून बसले होते. येणार नव्हता तर आधी सांगायचंस.” मी ट्रम्पेट तोंडाला लावला आणि तुझ्या तोंडावर वाजवायला लागलो. तू बोलतोयस आणि मी फुंकतोय. लोक हसायला लागले. तेव्हा तू हातानं ट्रम्पेट बाजूला सारलास. बुक्की कुठली, नुसता सारलास. त्याचं तोंड माझ्या दातावर आपटलं आणि एक दात तुटला.

एक, आग्नेल.

बाकीचे दोन दीड-दोन वर्षं लोंबत होते. रोज सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बावखलाच्या पाण्याशी पायरीवर बसून दोरा बांधला आणि दोन्ही ओढून काढले. दुखलंसुद्धा नाही. तुटलेला तुकडा आणि हे दोन, रुमालात बांधले. आदल्या दिवशी मी तोंडावर हात दाबून ‘बुक्की मारली’ म्हटलं होतं, गर्दीत तेच पसरलं होतं.

का, ते विचारशील. एका दातानं माझं भागणार नव्हतं. एक दात म्हणजे लोक म्हणाले असते, चुकून लागलं, सणाच्या गर्दीत होतं असं. आणि कुणीतरी विचारलंच असतं, सॅन्टन, तू त्याच्या तोंडावर का वाजवत होतास? तीन दात बघितल्यावर कुणी काही विचारत नाही.

आईनं रुमाल मांडीवर घेऊन उघडला. एकेक दात उचलून बघितला. आपले दुधाचे दात तिनंच कौलावर टाकले होते. मग तुझ्याकडे बघून म्हणाली, “आग्नेल, जा.” तू “मी एकच...” म्हणून सुरुवात केलीस, आणि रिचर्डमामा ओरडले, गप बस. तू गप बसलास. तेव्हा एकदा तरी बोंब मारायचीस! मला वाटत होतं तू बोलशील आणि मी पकडला जाईन. तू मान खाली घालून निघालास, आणि आई तुझ्याशी बोलायची बंद झाली ती झालीच.

झालं लिहून. आता लाल पेन काय वापरायचं ते वापर. तुझे दात मी नऊ वर्षं घासले नाहीत आणि त्यांच्यावरच ट्रम्पेट वाजवत गावोगाव मिरवलो, हेही लिहून ठेव.

लविनासाठी ये.

सॅन्टन


गिरीज
२४ एप्रिल २०२५

आग्नेल,

तुझी चिठ्ठी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मिळाली. दोन ओळी. ‘ज्यांच्यासमोर रुमाल उघडला त्यांच्यासमोर हे पत्र वाच. मग बघू.’ सोबत माझं मार्चचं पत्र, या वेळी एकही रेघ नाही. वाचून पहिल्यांदा माझ्या तोंडातून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. पत्र लिहिणं वेगळं, आणि साठीच्या माणसानं पोराटोरांनी भरलेल्या गावात उभं राहून, मी खोटारडा, म्हणून वाचणं वेगळं. तुला काय, तू जूचंद्रला बसून चिठ्ठ्या लिहिणार.

मी आठ दिवस तसाच बसलो. लविना ब्लाऊज शिवायला टाकून आली आणि सहज म्हणाली, “मी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत पावलं मोजून आले. एकटीला जास्त वेळ लागणार नाही.” ती चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो. कसली चिडतेय, आजीचा स्वभाव आहे तिचा.

मंगळवारी वाचलं. क्लेमेंटीनला आधी घरातच वाचून दाखवलं, म्हटलं निदान इथं तरी चटका कमी बसेल. ती तांदूळ निवडत होती. दोऱ्याच्या जागेवर आलो तेव्हा म्हणाली, “मला माहीत होतं. दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला होता, त्याला रक्त होतं. मीच चुलीत टाकला.” मी म्हटलं, मग नऊ वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, “तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.” या घरात सगळे माझी परीक्षाच बघायला बसलेत.

मग बँडच्या खोलीत. फादरांची बदली डहाणूकडे झाली, त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवलं. रिचर्डमामा आता काठी घेऊन चालतात. व्हिव्हियन होता. मी उभ्यानं वाचलं. मधला दात नाही म्हणून स बोलताना शिट्टी वाजते, आणि त्या पत्रात स किती वेळा आलाय! व्हिव्हियनला हसू आवरेना. म्हणाला, “तरीच! सणाच्या आधी दोन वर्षं तुझा ट्रम्पेट फुसफुसायचा, आम्हांला वाटलं म्हातारा झालास.” फादर फोनवरून म्हणाले, “आग्नेलला त्या दिवशी मी बोलू द्यायला हवं होतं.” रिचर्डमामा उठले. मला वाटलं काठी हाणतात. हाणली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, “मी त्या पोराला गप बस म्हटलं होतं, सॅन्टन. तू मला कुठं बसवलंस!” आणि निघून गेले. मी पाठोपाठ गेलो तर दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. काल केळी न्यायला आलेला टेम्पोवाला मला विचारतो, “काका, दात स्वतःच काढता म्हणे? माझी दाढ बघता का?” आता मरेपर्यंत हे ऐकायचं. झालं तुझं समाधान?

दोन उरलेत. डॉक्टरीणबाई दर पंधरा दिवसांनी बोलावते, बारीक सळईनं खोली मोजते, आकडे लिहून घेते. गेल्या वेळी म्हणाली, “रक्त थांबलंय, असंच ठेवलंत तर राहतील.” तंबाखूची डबी तिच्या टेबलावरच सोडून आलो. तो इवलासा ब्रश हातात धरला की माझी बोटं दोरखंडासारखी वाटतात, दोनदा वाकवून मोडला. सकाळ-संध्याकाळ क्लेमेंटीन मोरीच्या दारात उभी राहून विचारते, “आग्नेलचे घासलेत?” घासतो. तुझा राग येत असतो, तरी घासतो.

पत्रिका सोबत आहे. तुझ्या आणि वसुंधराच्या, दोघांच्या नावानं. वसुंधराला काय लिहायचं ते मला सुचलं नाही. तिच्या आईवडिलांनी मांडलेल्या खुर्च्यांचं मी काय करू शकतो?

मिस्सा साडेचारला आहे. वेळेवर ये.

सॅन्टन


गिरीज
६ मे २०२५

आग्नेल,

तू आलास. चार वाजून दहा मिनिटांनी, वसुंधराला घेऊन, क्लॅरिनेटची पेटी न आणता. रिचर्डमामांनी तुझ्यासाठी रांगेत जागा रिकामी ठेवली होती, तू त्यांना नमस्कार केलास आणि वसुंधराजवळ जाऊन उभा राहिलास. बँड तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय वाजला आणि बरा वाजला, हेही ऐकून घ्यावं लागलं.

चर्चच्या दारात लविनानं मान वळवून तुला बघितलं. मग माझा दंड धरला. वेदीपर्यंत मी काय चाललो ते मला आठवत नाही, तिचा हात गार होता तेवढं आठवतं. तिला कॅल्विनच्या हाती देताना मी रडलो, आणि डॉक्टरीणबाईनं लग्नापुरता मधे बसवून दिलेला दात रडताना सटकला, तो जिभेनं दाबून धरून उभा होतो. तू बघितलंस. तुझ्या तोंडावर हसू आलं होतं, नाही म्हणू नकोस. त्या एका क्षणी मला वाटलं, झालं, सुटलो.

जेवणाच्या वेळी तू माझ्या पानाजवळ आला नाहीस. निघताना मी गेटपाशी आलो, हात पुढं केला. तू हेल्मेट घालता घालता थांबलास आणि म्हणालास, “दादा, चौघांना सांगितलंस. रुमाल पाचजणांनी पाहिला होता.” रागानं बोलला नाहीस. वसुंधरा मागं बसली आणि तुम्ही गेलात.

मला आधी कळलंच नाही. मी बोटं मोजली. मामा, व्हिव्हियन, फादर, क्लेमेंटीन. मग कळलं.

काल सकाळी सिमेट्रीत गेलो. पत्र खिशात घेतलं होतं. आईच्या थडग्यापाशी उभं राहून वाचायला सुरुवात केली, अगदी मोठ्यानं, बाजूला कोण झाडत होतं त्याचीही लाज धरली नाही. ‘आई तुझ्याशी बोलायची बंद झाली ती झालीच’ हे वाक्य आलं आणि माझी जीभ अडली. चार माणसांसमोर ते मी घडाघडा वाचलं होतं. तिच्यासमोर वाचता येईना, कारण ते खोटं आहे आणि हे तिला आणि मलाच माहीत आहे.

क्लेमेंटीन म्हणते, लिहू नका. म्हणते, तो आला, पोरीचं लग्न नीट पार पडलं, नाताळला परत येईल, हळूहळू बोलेल. बरोबर आहे तिचं. हे लिहिलं की तू येणार नाहीस, लविनाच्या घरी आलास तरी माझ्या दारात पाय ठेवणार नाहीस. मला तू यायला हवा आहेस रे. तीन महिने शिव्या देत देत मी तुला पत्रं लिहिली, ती काय नुसती लविनासाठी लिहिली? पण तुझे दोन दात तोंडात ठेवून आणि हे पोटात ठेवून मला आता जेवण जात नाही.

तीन वर्षांपूर्वी आई शेवटची पडली, त्या आठवड्यातलं सांगतो. क्लेमेंटीन औषधं आणायला गेली होती, खाटेजवळ मी एकटाच. आई म्हणाली, “आग्नेलला बोलाव.” मी ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. मी म्हटलं, निरोप पाठवला होता, तो येत नाही म्हणाला. मी कुणालाही पाठवलं नव्हतं. मला भीती होती, तू येशील, तिच्या उशाशी बसशील, ती विचारेल आणि तू खरं सांगशील. मरता मरता तिला कळेल की मी काय केलं. त्या भीतीनं मी तुझा निरोप खाल्ला.

ती म्हणाली, “कसा येईल तो? मीच जा म्हटलं होतं.” आणि तोंड भिंतीकडे केलं. शुक्रवारी गेली. मयताला तू सिमेट्रीच्या गेटाबाहेर उभा राहिलास, आत आला नाहीस. तुला वाटलं असेल, आईला नको होतं. मी तुला खांद्यावरून बघत होतो, आणि येऊन सांगितलं नाही.

मागायचं काही नाही. माफी तर नाहीच, ती मागायला तोंड लागतं. तिचा निरोप तेवढा पोचवतो, तीन वर्षांनी.

आईनं तुला बोलावलं होतं.

सॅन्टन